मुलाचे मोल

गेल्या वर्षी दिवाळीस आठदहा दिवस उरले असता आम्ही नेहमीप्रमाणे सायंकाळी फिरावयास बाहेर पडलो, तो चौकातील पदपथावर किल्ल्यांचा बाजार मांडलेला दिसला. प्लास्टरचे, रंग दिलेले, लहान, मध्यम आणि मोठे अशा तीन मापांचे किल्ले ओळीने ठेविले होते. त्यांस बुरूज होते, महादरवाजा होता, पाण्याचे टाके होते. इतकेच नव्हे, तर डोंगरउतारावर गवत म्हणून हिरवा रंगही फासलेला होता. आमच्या शेजारचे एक गृहस्थ त्यांतील मध्यम मापाच्या किल्ल्याचा भाव ठरवीत होते व त्यांचे आठ वर्षांचे चिरंजीव जवळच उभे होते. आम्हांस पाहून गृहस्थ काहीसे ओशाळले व म्हणाले, "काय करणार, सर! हल्ली माती कुठे मिळते? आणि मिळाली तरी वेळ कोणाला आहे?" दोन दिवसांनी तो किल्ला त्यांच्या गॅलरीत विराजमान झाला. चिरंजीवांनी सिंहासनावर महाराज बसविले, दरवाजावर मावळे उभे केले, पायथ्याशी तोफा मांडल्या. हा सर्व विधी पाव तासात आटोपला. मग तो मुलगा आमच्या दारात येऊन उभा राहिला आणि त्याने विचारले, "काका, आता पुढे काय करायचं?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या दिवशी देता आले नाही, आणि प्रस्तुत लेखाचे मूळ त्या न दिलेल्या उत्तरात आहे.

आमच्या लहानपणी किल्ला असा केला जात नसे, हे सांगण्याचा मोह येथे अनावर होतो. ओढ्याकाठची माती, पडक्या भिंतीच्या विटा, गोणपाट, त्यावर लिंपलेला चिखल, वाघाची गुहा आणि उतारावर पेरलेले अळीव यांचे रसभरित वर्णन करून आजच्या पिढीस दोन बोल लावणे अगदी सोपे आहे. परंतु गतकाळाची स्तुती हा पन्नाशी उलटलेल्या माणसास जडणारा जुनाट रोग होय. आणि आमच्या आठवणीत अळीव दरवर्षी हटकून उगवलेले दिसतात, ही एकच गोष्ट त्या आठवणींविषयी संशय घ्यावयास पुरेशी आहे. म्हणून आठवणी बाजूस ठेवून इतिहासास विचारावे हे बरे. मूल आणि बाजार यांची गाठ केव्हा पडली, आणि त्या गाठीत मुलाचे काय झाले? ही कथा जेथे प्रथम घडली आणि जेथे ती उत्तम रीतीने लिहिलीही गेली आहे ते देश म्हणजे इंग्लंड व अमेरिका. तेव्हा आरंभी तिकडेच गेले पाहिजे.

फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराने १९६० साली एक ग्रंथ लिहून असे प्रतिपादन केले की, मध्ययुगीन यूरोपात 'बालपण' ही कल्पनाच नव्हती. मूल दाईच्या हातून सुटले की ते मोठ्यांच्या जगात मिसळून जाई. जुन्या चित्रांत मुले लहान आकाराच्या प्रौढांसारखी दिसतात, हा त्याच्या पुराव्यांपैकी एक. हे मत काही काळ फार गाजले. पुढे लिंडा पोलॉक या विदुषीने १९८३ साली जुन्या काळातील आईबापांच्या रोजनिश्या व आत्मचरित्रे तपासून दाखविले की, मुलांविषयीचे प्रेम आणि त्यांच्या मृत्यूचे दुःख ही काही आधुनिकांनी शोधून काढलेली वस्तू नव्हे. आमचा कौल या बाईंकडे पडतो. चित्रकारास मुलाचे शरीर रेखाटता आले नाही, म्हणून आईस मूल ओळखता आले नाही असे कसे म्हणावे? माया जुनीच आहे. बदलली ती घराच्या जमाखर्चातील मुलाची जागा.

या बदलाच्या उंबरठ्यावर जॉन लॉक हा तत्त्वज्ञ उभा आहे. १६९३ साली त्याने शिक्षणावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात खेळण्यांचा विचार आहे. मुलास नाना प्रकारची खेळणी असावीत, पण एका वेळी एकच त्याच्या हाती द्यावे. आणि ती शक्यतो विकत आणू नयेत, असे त्याचे म्हणणे. गुळगुळीत गोटा, कागदाचा कपटा, आईच्या किल्ल्यांचा जुडगा यांनी लहान मूल जितके रमते तितकेच ते दुकानातील नक्षीदार वस्तूने रमते. भोवऱ्यासारखी जी खेळणी मुलास स्वतः करता येण्याजोगी नसतात आणि जी खेळताना श्रम पडतात, तेवढी आणून देण्यास त्याची हरकत नव्हती.

पुढील पन्नास वर्षांत काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १७४४ साली जॉन न्यूबेरी नावाच्या लंडनच्या प्रकाशकाने मुलांसाठी एक चिमुकले पुस्तक काढले. त्याच्या प्रस्तावनेत आईबापांस उपदेश होता व लॉकच्या नावाचा आदराने उल्लेख होता. नुसत्या पुस्तकाची किंमत सहा पेन्स. परंतु आठ पेन्स दिल्यास मुलास त्याबरोबर एक चेंडू व मुलीस टाचण्या खोचण्याची गादी मिळे. या वस्तूची एक बाजू लाल व दुसरी काळी. मुलाने चांगली गोष्ट केली की लाल बाजूस टाचणी खोचावयाची, वाईट केली की काळ्या बाजूस. दहाही टाचण्या लाल बाजूस आल्या तर एक पेनी बक्षीस, काळ्या बाजूस गेल्या तर छडी. म्हणजे जो तत्त्वज्ञ खेळणे विकत आणू नका म्हणाला, त्याच्याच नावावर खेळणे विकले गेले! एवढेच नव्हे, तर सदाचरण, त्याची मोजदाद आणि रोख मोबदला ही तिन्ही एकाच चेंडूत बसविली गेली. पुण्याचा असा हिशेब चित्रगुप्तासही सुचला नसता.

न्यूबेरी हा नुसता प्रकाशक नव्हता. तो पेटंट औषधेही विकत असे, आणि तापावरची डॉ. जेम्स यांची पूड हा त्याच्या दुकानातील मोठा खपाचा माल होता. १७६५ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या एका सुप्रसिद्ध बालकथेत नायिकेचा बाप तापाने मरतो. का मरतो? तर ज्या गावी तो आजारी पडला तेथे ही पूड मिळत नव्हती म्हणून! पोरक्या मुलीच्या कथेतही औषधाची जाहिरात घुसविणाऱ्या या गृहस्थाची आम्हांस चीड यावी की कौतुक वाटावे, हे अजून ठरविता आलेले नाही. त्याची पुस्तके खरोखर गोड आहेत. मुलांस केवळ भय न दाखविता रिझवावे, ही जाणीव इंग्रजी प्रकाशनव्यवसायात रुजविणाऱ्यांत तो अग्रणी होता, आणि अमेरिकेत १९२२ पासून उत्तम बालपुस्तकास दिले जाणारे पदक त्याच्याच नावाचे आहे. चांगुलपणा आणि विक्री यांची वीण प्रथमपासूनच अशी घट्ट आहे की, एक धागा ओढला तर दुसरा तुटतो. जे. एच. प्लम या इतिहासकाराने १९७५ साली एका निबंधात दाखविले की, १७३० च्या सुमारास इंग्लंडात खेळण्यांची म्हणून खास दुकाने नव्हती. १७८० पर्यंत ती सर्वत्र झाली.

त्याच लंडनात, त्याच वर्षांत, दुसरी मुले धुराडी साफ करावयास अंगाने त्यांत चढत होती. आठ वर्षांखालील मुलास या कामास लावू नये, एवढे ठरविणारा कायदा १७८८ साली झाला, आणि तोही पाळला गेला नाही. कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांस मज्जाव करणारा कायदा १८३३ चा. तेव्हा अठराव्या शतकात बालपण निर्माण झाले असे कोणी म्हणू लागल्यास विचारावे, कोणाचे?

ही दोन प्रकारची मुले पुढे एक कशी झाली याचा सर्वांत मार्मिक विचार आमच्या वाचनात आला तो व्हिव्हियाना झेलिझर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंच्या १९८५ सालच्या ग्रंथात. त्यांनी मुलाची किंमत हा शब्द अक्षरशः घेतला आणि न्यायालयांचे निवाडे, विम्याचे कागद व दत्तकांचे व्यवहार चाळले. १८९६ साली जॉर्जिया संस्थानात सुमारे दोन वर्षांचे एक मूल रेल्वेच्या अपघातात मरण पावले. आईबापांनी भरपाई मागितली. त्यांनी सांगितले की, मूल शेजाऱ्यांकडे निरोप पोचवी, धाकट्या भावंडास रमवी. त्याच्या या कामाचे मोल महिना दोन डॉलर होते. न्यायालयाने म्हटले, इतके लहान मूल कमावू शकत नाही, सबब भरपाई नाही. अंत्यविधीच्या खर्चापलीकडे त्यांस काही मिळाले नाही. आता १९७९ साल पाहा. न्यूयॉर्कमध्ये दातांच्या दवाखान्यात तीन वर्षांचे मूल दगावले. पंचांनी आईबापांस साडेसात लक्ष डॉलर देवविले. हे मूलही काही कमावीत नव्हते. किंबहुना निरोपसुद्धा पोचवीत नसावे.

दत्तकाची कथा याहून विलक्षण आहे. १८७० च्या सुमारास नको असलेले तान्हे मूल कोणी घ्यावे म्हणून त्याच्या आईस सुमारे दहा डॉलर पदरचे मोजावे लागत. मागणी असे ती अंगाने धट्ट्याकट्ट्या, शेतावर राबू शकणाऱ्या मोठ्या मुलांस. पन्नास वर्षांनी पारडे फिरले. तान्ह्या बालकासाठी, विशेषतः निळ्या डोळ्यांच्या मुलीसाठी, लोक हजार डॉलर व त्याहूनही अधिक देऊ लागले. बाईंचा सिद्धांत असा की, मूल जसजसे कमाईच्या दृष्टीने निरुपयोगी झाले, तसतसे ते भावनेच्या दृष्टीने अमूल्य ठरले. आमच्या भाषेत 'अमूल्य' शब्दाचे दोन विग्रह संभवतात, ज्याचे मूल्य करता येत नाही तो आणि ज्यास मूल्यच नाही तो. अमेरिकेतील मूल एकाच वेळी दोन्ही अर्थांनी अमूल्य झाले.

येथे कोणी असे समजू नये की, मुलांस गिरणीतून बाहेर काढले हे आम्हांस खटकते. त्या सुधारणेसाठी किती झगडावे लागले हे पाहिले म्हणजे सुधारकांपुढे मान लवते. १९१६ साली अमेरिकेच्या कायदेमंडळाने बालमजुरीविरुद्ध कायदा केला, तो तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९१८ साली रद्द ठरविला, आणि टिकाऊ कायदा व्हावयास १९३८ साल उजाडले. आमचे लक्ष वेधते ते मधले १९१७ साल. त्या वर्षी लहान मुलांच्या कपड्यांच्या विक्रीस वाहिलेले एक व्यापारी मासिक तेथे निघाले. डॅनियल कुक या अभ्यासकाने त्याच्या आधारे दाखविले आहे की, मोठमोठ्या दुकानांत मुलांचे स्वतंत्र दालन उघडणे, मांडणी आईच्या नजरेऐवजी मुलाच्या उंचीस जुळेल अशी करणे, 'दुडदुडते मूल' हे एक वेगळे माप व वेगळे गिऱ्हाईक म्हणून ठरविणे, या गोष्टी त्या व पुढील दोन दशकांत घडल्या. एका दाराने मूल कामगार म्हणून बाहेर पडत होते. दुसऱ्या दाराशी दुकानदार त्याच्या स्वागतास उभा होता.

पुढची कथा वाचकांच्या परिचयाची आहे; ती थोडक्यात सांगतो. १९५५ साली अमेरिकेतील एका खेळण्यांच्या कंपनीने मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात जाहिरात देण्यास प्रारंभ केला, आणि आईबापांस वगळून सरळ मुलाशी बोलण्याची वाट मोकळी झाली. १९७८ साली तेथील व्यापार आयोगापुढे असा प्रस्ताव आला की, ज्या वयात मुलास जाहिरात म्हणजे काय हेच कळत नाही, त्या वयाच्या मुलांपुढे ती करूच नये. त्यावर आयोगाने राष्ट्राची दाई होऊ नये अशी ओरड झाली आणि १९८० साली कायदेमंडळाने आयोगाचेच हात बांधले. त्याच वर्षी कॅनडातील क्वेबेक प्रांताने मात्र तेरा वर्षांखालील मुलांस उद्देशून जाहिरात करण्यास बंदी घातली. खेळण्यांच्या एका कंपनीने तीविरुद्ध दाद मागितली, ती १९८९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. आपल्याकडेही जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी जे नियम काढले, त्यांत मुलांस उद्देशून केलेल्या जाहिरातींचा स्वतंत्र विचार आहे.

या सर्व वादात एक तात्त्विक प्रश्न दडला आहे, आणि तो वाटतो तितका सोपा नाही. मूल जेव्हा एखाद्या वस्तूसाठी हट्ट धरते, तेव्हा ती इच्छा कोणाची? बंदीवाले म्हणतात, ती मुलाची नव्हे, जाहिरातदाराने त्याच्यात पेरलेली आहे. हे खरे, पण मुलाची कोणती इच्छा पेरलेली नसते? किल्ला करावा ही इच्छा तरी आमच्यात कोणी पेरली? बापाने, थोरल्या भावाने, शाळेतील गुरुजींनी. मातृभाषेवरील प्रेम पेरलेले, देवापुढे हात जोडणे पेरलेले. पेरलेली इच्छा खोटी म्हणावी तर मुलाजवळ खरे असे काही उरतच नाही. आम्हांस भेद दिसतो तो वेगळा आहे. जो बाप मुलास किल्ल्याचे वेड लावतो, तो चिखलाने भरलेल्या पोरास संध्याकाळी न्हाऊ घालावयास घरी असतो. बुरूज ढासळला तर रडणे त्याच्याच पुढ्यात होते. ज्याने इच्छा पेरली त्याने तिच्या पिकाशी उभे राहावे, एवढे उत्तरदायित्व त्याच्याकडे असते. दुकानदाराचे उत्तरदायित्व पावतीपाशी संपते. हल्ली ज्यास चंगळवाद म्हणतात त्या शब्दाने आमचे समाधान होत नाही, ते याचसाठी. तो शब्द सारा दोष घेणाऱ्याच्या हावरेपणास देतो, आणि मूल तर हावरे नसतेच. त्यास वस्तू हवी असते असे आपण समजतो. पुष्कळदा त्यास आपण हवे आहोत का, हे पाहावयाचे असते.

हे दुसऱ्यास शिकविणे सोपे. आमची स्वतःची गोष्ट सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी परीक्षेचे दिवस होते आणि घरी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पडले होते. आमची कन्या तेव्हा सात वर्षांची. ती जवळ येऊन बसे, तांबडी पेन्सिल तासून देऊ का विचारी, गठ्ठा बांधताना सुतळीवर बोट ठेवू का विचारी, आणि आम्ही तिला पुनःपुन्हा आत घालवीत असू. चौथ्यापाचव्या दिवशी मनास लागले म्हणून आम्ही बाजारात गेलो व तिच्यासाठी प्लास्टिकचे एक मोठे स्वयंपाकघर घेऊन आलो. त्यात शेगडी होती, कुकर होता, लाटणेही होते. किंमत आमच्या ऐपतीच्या मानाने भारीच होती. ती दिली याचे आम्हांस बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे. तिने ते खेळणे तासभर मांडले आणि मग लाटणे हाती घेऊन पुन्हा आमच्यापाशी येऊन विचारले, "बाबा, आता सुतळी धरू?" तिने काम मागितले होते, आणि आम्ही तिला कामाचे चित्र आणून दिले. त्या वेळी हे कळले असते तर आमचा काही खर्च होणार नव्हता. गठ्ठा थोडा सैल बांधला गेला असता, इतकेच.

सुतळीवर बोट ठेवणे आणि गिरणीत राबणे यांत अंतर किती, असे कोणी विचारील. अंतर मोठे आहे. कांटने १७८५ साली जो प्रसिद्ध दंडक घालून दिला, त्याचा आशय असा की, मनुष्यास केवळ साधन म्हणून वापरू नये. यातील 'केवळ' या शब्दाकडे दुर्लक्ष होते. गिरणीमालकास हात हवे होते. ते कोणाचे याच्याशी त्यास कर्तव्य नव्हते. तेथे मूल केवळ साधन होते, आणि ते पापच होय. परंतु ज्याचा कोणासच कसलाही उपयोग नाही, ज्याच्यावाचून घरातील एकही गोष्ट अडत नाही, त्याची स्थितीही माणसास शोभणारी नव्हे. आपण मुलास साधन होण्यापासून वाचविले, आणि त्याच भरात त्यास घराच्या कामातूनच वजा केले. मग ती रिकामी जागा वस्तूंनी भरू लागलो. ती भरत नाही म्हणून मोठी वस्तू आणतो.

हा विचार दिवाळीपुरता तरी आणखी पुढे न्यावा लागतो, कारण दिवाळीस आपण मुलांसाठी जे घेतो त्यात फटाकेही असतात. तमिळनाडूतील शिवकाशीच्या आगपेट्या व फटाके यांच्या कारखान्यांत मुले राबत असल्याचे प्रकरण आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेले होते. १० डिसेंबर १९९६ च्या निकालाने न्यायालयाने ठरविले की, १९८६ च्या बालमजुरीविषयक कायद्याविरुद्ध कामावर ठेविलेल्या दर मुलामागे मालकाने वीस हजार रुपये एका निधीत भरावे. सरकारने त्या घरातील एका प्रौढास काम द्यावे, ते न जमल्यास आणखी पाच हजार भरावे. आणि व्याज मुलाच्या शिक्षणास लावावे. जॉर्जियाचे शून्य, न्यूयॉर्कचे साडेसात लक्ष डॉलर आणि शिवकाशीचे वीस हजार रुपये हे आकडे शेजारी मांडू नयेत, कारण पहिली दोन प्रकरणे मृत्यूची व हे मजुरीचे, असे कायदेपंडित सांगतील, आणि त्यांचे बरोबर आहे. तरीही ते आमच्या मनात शेजारीच बसतात. ज्या वर्षांत आमच्या पिढीने मध्यमवर्गीय मुलास फुलासारखे जपले, त्याच वर्षांत त्याच्या हातातील फुलबाजी दुसऱ्या मुलाने भरलेली असू शकत होती. एक मूल अमूल्य आणि दुसऱ्याचे मोल निधीत जमा, अशी ही वाटणी आपल्या घराच्या उंबरठ्यावर होत होती, आणि आम्ही खोके उघडताना ती पाहिली नाही. धुराड्यांच्या काळचे लंडनवासी आपल्या मुलास लाल-काळा चेंडू देत असताना जे करीत होते, त्याहून हे फार वेगळे नव्हते.

शेजारच्या चिरंजीवांचा प्रश्न राहिलाच. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. आम्ही उपदेश केला नाही; बोलता बोलता एवढेच म्हणालो की, तुझ्या किल्ल्यावर अळीव उगवायचे नाहीत. "का?" "अरे, प्लास्टर आहे ते." तो काही न बोलता निघून गेला. संध्याकाळी जिन्याखाली इमारतीतील चारपाच पोरांचा मोठा गलका ऐकू आला. जाऊन पाहतो तो एक गोणपाट, काही फुटक्या विटा आणि बादलीभर चिखल यांवर वाद चालला होता, आणि विकतचा किल्ला पलीकडच्या कोपऱ्यात शत्रूचा म्हणून मांडलेला होता. माती कोठून आणली हे विचारण्याचे आम्हांस सुचले नाही. ते रात्री आमच्या सौभाग्यवतींनी सांगितले. गच्चीवरील शेवंतीच्या दोन कुंड्या रिकाम्या होत्या, आणि मुलांस मातीचे कोणी सुचविले याविषयी त्यांच्या मनात कसलाच संशय नव्हता. अळीव उगवले की नाही हे मात्र आम्हांस सांगता येणार नाही. त्यापूर्वीच परीक्षेच्या कामासाठी आम्हांस परगावी जावे लागले.